टर्कीत मसाला भरताना

मंगळवारी रात्री साडेनऊला मी आणि आई ओट्याशी उभ्या होतो, मध्ये टर्की. माझ्या हातात अरुंद पात्याची सुरी, आईच्या हातात वाटी, वाटीत लालसर ओला मसाला. मी मांडीत सुरी खुपसून दोन इंच खोल भोक पाडायचं, आईने त्यात चमचाभर मसाला सोडायचा आणि मी बोटाने तो आत दाबायचा. पक्षी चौदा पौंडांचा, म्हणजे साडेसहा किलोच्या जरासा आत. अशी तीसेक भोकं. पंधराव्या-सोळाव्या भोकाला आईने वाटी नाकाशी नेली आणि म्हणाली, "अगो, ह्यो तर रेशाद मसालो!"

आई सावंतवाडीची. तिथून गोव्याची हद्द अर्ध्या तासावर. लाल मिरची, लसूण आणि व्हिनेगर एकत्र वाटून बांगड्याच्या पोटात भरतात तो रेशाद. शब्द मूळचा पोर्तुगीज, अर्थ 'भरलेलं'. आणि माझ्या वाटीत काय होतं? ठेचलेला लसूण, केयेन मिरचीची पूड, व्हिनेगर, अगदी बारीक चिरलेली ढोबळी मिरची, कांद्याची पात, मीठ. हा मसाला मला लुईझियानातल्या एका चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईने शिकवला. ती गोव्याला कधी गेलेली नाही. बांगडा तिने पाहिलेला नाही.

मी तिला नॅनन म्हणते. आमची अख्खी गल्ली म्हणते. इकडच्या केजन, म्हणजे मूळच्या फ्रेंच बोलणाऱ्या लोकांत बाप्तिस्म्याच्या वेळी जिला मुलाची मानलेली आई करतात ती नॅनन, आणि तो पुरुष असेल तर पारेन. ही बाई इतक्यांची नॅनन आहे की तिचं खरं नाव फक्त टपालवाल्याला ठाऊक असावं.

आम्ही लुईझियानातल्या लफायेटला आलो २०१३च्या ऑगस्टमध्ये. नवऱ्याची नोकरी तेलाच्या प्लॅटफॉर्मवर, चौदा दिवस मेक्सिकोच्या आखातात, चौदा दिवस घरी. त्यामुळे आमच्याकडे सण तिथीने येत नाही, त्याच्या पाळीने येतो. दिवाळी दोनदा नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात साजरी झालेली आहे. थँक्सगिव्हिंग, इथला टर्कीचा सण, मात्र नोव्हेंबरचा चौथा गुरुवार म्हणजे चौथाच गुरुवार. १९४१ साली अमेरिकन संसदेने कायदा करून ठेवलाय, तो आमच्यासाठी कोण हलवणार? यंदा तो गुरुवार त्याच्या घरच्या चौदांत पडला, आई इथे, म्हणून टर्की आमच्याकडे.

पण आधी पहिल्या वर्षीची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण नॅनन माझ्या आयुष्यात तिथूनच आली.

पहिल्या नोव्हेंबरात माझा आव असा की मी मालवणी, मसाल्याचं मला कोण काय शिकवणार. दुकानातून गोठवलेली टर्की आणली, केजन मसाल्याचा तयार डबा आणला. इंटरनेटवर वाचलं की टर्की आदल्या रात्री मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायची म्हणजे कोरडी पडत नाही. बुडवली. सकाळी काढून डब्यातला मसाला आतून-बाहेरून असा चोळला की वाटावं जत्रेचा गुलाल आहे. रंग काय सुरेख आला! तपकिरी, चकचकीत. शेजारी ओळख करून घ्यावी म्हणून एक ताट झाकून नॅननकडे नेलं, आणि घरी येऊन स्वतःसाठी पहिला घास घेतला.

खारट. आणि नुसतं खारट नाही, आत मसाल्याचा मागमूस नाही. कातडीवर सगळा थाट, आत मिठात घातलेला कापूस.

तीन चुका, तिन्ही माझ्या. टर्कीच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की तिच्यात आधीच आठ टक्क्यांपर्यंत मिठाचं द्रावण टोचलेलं आहे. ते मी वाचलं नाही. वर ती रात्रभर मिठात बुडवली. वर जो मसाला चोळला त्याच्या डब्यावर घटकांच्या यादीत पहिलंच नाव मीठ होतं, तेही वाचलं नाही. तीन वेळा मीठ, शून्य वेळा चव. रसाची ग्रेव्ही केली होती ती सिंकमध्ये ओतली. मांस पुढचे तीन दिवस बिनमिठाच्या पुलावात ढकललं. नवरा त्या चौदांत समुद्रावर होता, सुटला.

संध्याकाळी नॅनन ताट परत द्यायला आली. ताट रिकामं नव्हतं, त्यात पिकन नटची 'पाय', म्हणजे गोड सारण भरलेली पेस्ट्री होती. तिने मला वर-खाली पाहिलं आणि म्हणाली, "मीठ घातलंस, शा. सीझन नाही केलंस." 'शा' म्हणजे फ्रेंच 'शेर', लाडके. केजन माणूस तुमची खरडपट्टी काढतानाही लाडके म्हणतो.

मला तेव्हा वाटलं, हिला डबा दिसला नाही. सीझनिंग म्हणजे डब्यातली ती लाल पूड ना? दोन-तीन वर्षं तिच्या ओट्याशी उभी राहिल्यावर उलगडलं. नॅनन जेव्हा "सीझनिंग चिरलंस का?" विचारते, तेव्हा तिला पूड अभिप्रेतच नसते. कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची, हे त्रिकूट म्हणजे सीझनिंग. इकडे त्याला 'होली ट्रिनिटी' म्हणतात, आणि लसूण आला की काही जण त्याला 'पोप' म्हणतात. कॅथलिक लोक, देवाची थट्टा स्वयंपाकघरात चालते. म्हणजे सीझनिंग हे त्यांचं वाटण आहे! आणि डब्यातली पूड म्हणजे आपण वरून भुरभुरतो तो गरम मसाला. आता तुम्हीच सांगा, वाटण न लावता नुसता गरम मसाला भुरभुरून कोणी कोंबडी करतं का?

दुसरी गोष्ट मला आणखी उशिरा कळली. मीठ मांसात आतपर्यंत शिरतं, त्याला वेळ दिला की झालं. मसाल्यांचा वास आणि रंग मात्र फारसा शिरत नाही, कातडीपाशीच अडतो. कोंबडीचे तुकडे करून वाटणात मुरवले तर हे कळत नाही, कारण तुकडा लहान. टर्कीची छाती चार-चार इंच जाड. बाहेरून कितीही चोळा, मधल्या घासापर्यंत काही पोचत नाही. पोचवायचं तर आतच नेऊन ठेवावं लागतं. या गावात त्याच्या दोन रीती आहेत. एक सुई, दुसरी सुरी.

सुईवाला पंथ म्हणजे नॅननचा मुलगा. हॉर्स डॉक्टरकडे शोभेल अशी इंजेक्शनची सिरिंज, तिच्यात वितळलेलं लोणी, लसणाचा रस, तिखट सॉस, वूस्टरशर सॉस. सगळं गाळून घ्यायचं, नाहीतर सुईत अडकतं. छातीत चार-पाच ठिकाणी, मांड्यांत दोन-दोन ठिकाणी टोचायचं आणि मग पक्षी अख्खा तेलात तळायचा. हो, अख्खा. केजन मुलखातला हा तळलेल्या टर्कीचा प्रकार आता अमेरिकाभर पसरलाय, आणि दर वर्षी कुठेतरी कोणाचा तरी गॅरेज पेटवतो.

२०१४ साली मी हे त्यांच्या अंगणात पाहिलं. तीस क्वार्टचं उंच भांडं, खाली गॅसचा बर्नर, आत तीन गॅलन शेंगदाण्याचं तेल. आमच्याकडे शेंगदाण्याचं तेल म्हणजे घरोघरचं, पण एका पक्ष्यासाठी अकरा लिटर ओतताना पाहिलं आणि माझ्या पोटात कालवलं. तेल किती घालायचं हे आधी पाण्याने ठरवतात: पक्षी भांड्यात ठेवायचा, तो बुडेपर्यंत पाणी ओतायचं, पक्षी काढायचा, पाण्याची पातळी खुणेने टिपायची. मग भांडं आणि पक्षी दोन्ही कोरडे ठणठणीत पुसायचे. तेल ३५० फॅरनहाइटला, म्हणजे साधारण १७५ सेल्सिअसला आलं की बर्नर बंद. बंद! पक्षी हळूहळू उतरवायचा आणि तो पूर्ण बसल्यावरच पुन्हा पेटवायचा. पौंडाला साडेतीन मिनिटं, बारा पौंडांना बेचाळीस मिनिटं. पोटात बर्फाचा एक खडा राहिला असेल तर त्याची क्षणात वाफ होते, पाण्याची वाफ झाली की ते दीड हजार पटींहून जास्त फुगतं, आणि तेल भांड्याबाहेर येऊन ज्वाळेवर पडतं.

माझा नवरा प्लॅटफॉर्मवर सुरक्षेचे कागद भरणारा माणूस. त्याने त्या दिवशी वहीच्या पानावर 'कामातले धोके' असा रकाना आखला, अग्निशामक नळकांडं उजव्या हाताला ठेवलं, मुलांना खडूची रेघ मारून पलीकडे उभं केलं. सगळे हसले. पण रेघ कोणी ओलांडली नाही.

तळलेली टर्की चवीला फार उत्तम लागते, हे कबूल करते. कातडी पापडासारखी. तरी माझं मत नॅननच्या बाजूने आहे. तळणीत ग्रेव्ही मिळत नाही. आणि ग्रेव्ही नाही तर भातावर काय घालणार?

भात! इकडे आल्यावर मला सर्वांत मोठा दिलासा कसला मिळाला असेल तर याचा. अमेरिकेत इतरत्र या दिवशी ब्रेडचं स्टफिंग आणि बटाट्याचा लगदा असतो. इथे लफायेटपासून पाऊण तासाच्या अंतरात मैलोन्मैल भातशेती, त्याच वाफ्यांत पाणी साठवून क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले झिंग्यासारखे जीव पाळतात. थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर 'राइस ड्रेसिंग' असतंच: टर्कीच्या पोटातली काळीज-पेठा बारीक चिरून, खिमा, ते त्रिकूट, कांद्याची पात, आणि सगळं भातात कालवलेलं. आईने पहिल्यांदा खाल्लं तेव्हा तिचा चेहरा कोकणात उतरल्यासारखा झाला.

सुरीवाला पंथ नॅननचा. तिची आई डुकराच्या खांद्याला अशी भोकं पाडून लसूण भरायची, तेच ती टर्कीला करते. शाळेत असताना तिला वर्गात फ्रेंच बोलल्याबद्दल शिक्षा व्हायची. लुईझियानाच्या १९२१च्या राज्यघटनेने शाळेतली भाषा इंग्रजी ठरवली आणि मग दोन-तीन पिढ्या घरच्या भाषेची लाज शिकल्या. १९६८मध्ये राज्याने फ्रेंच वाचवायला सरकारी संस्था काढली, तेव्हा नॅननची मुलं इंग्रजीत वाढून बसली होती. आता तिचं फ्रेंच उरलंय ते स्वयंपाकघरात आणि शिव्यांत. मसाला भरताना ती फ्रेंचमध्ये भोकं मोजते. मी मराठीत मोजते. आई मालवणीत मोजते आणि तिघींचे आकडे जुळत नाहीत.

तिचे पूर्वज १७५५ साली इंग्रजांनी नोव्हा स्कोशियातून हाकललेले. त्या मुलखाचं फ्रेंच नाव अकादी, तिथले लोक अकादियँ, जिभेवर घासून घासून 'काजँ', आणि इंग्रजीत केजन. थंड समुद्रावरचे शेतकरी दहा-वीस वर्षं भटकून या दलदलीत आले. म्हणजे मिरचीशी त्यांची ओळख इथली. मला हे फार आवडतं. मिरची मूळची मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेकडची, आमच्याकडे पोर्तुगिजांनी आणली. ती दोन्हीकडे पाहुणी म्हणून आली आणि दोन्हीकडे मालकीण होऊन बसली.

टर्कीचंही तेच. नॅनन टर्कीला 'डँद' म्हणते, म्हणजे 'द अँद', हिंदुस्थानचा पक्षी. तिने मला एकदा अगदी गंभीरपणे विचारलं होतं, "तुमच्याकडचा पक्षी, आणि तुला शिजवता येत नाही?" तुर्कस्तानात त्याला 'हिंदी' म्हणतात. इंग्रज त्याला तुर्की म्हणतात. पोर्तुगीज त्याला 'पेरू' म्हणतात, देशाचं नाव. हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "पेरू? मग मीठ-तिखट लावूनच खायाक व्हया." पक्षी मेक्सिकोकडचा, आणि प्रत्येकाने तो दुसऱ्याच्या नावावर खपवलेला.

आपल्याकडे तो पोचला तोही गोव्यातून. १६१२ साली मुकर्रबखान नावाच्या सरदाराने गोव्याहून काही अजब प्राणी-पक्षी जहांगीर बादशहासाठी नेले, त्यात टर्की होती. जहांगीरने आपल्या आठवणींत तिचं वर्णन लिहून ठेवलंय, डोक्याचा आणि मानेचा रंग सरड्यासारखा पालटतो म्हणून त्याला कोण नवल वाटलं. उस्ताद मन्सूरने काढलेलं तिचं चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. मानेच्या लाल-निळ्या घड्या अशा काढल्यात की बोट लावावंसं वाटतं. आईला मी ते फोनवर दाखवलं. ती म्हणाली, "राजान खाल्ल्यान काय नाय?" ते काही जहांगीरने लिहिलेलं मला आठवत नाही.

बरं, आता यंदाची टर्की. कोणाला करायची असेल तर वेळा लक्षात ठेवा, बाकी हात शिकवतो.

गोठवलेला पक्षी फ्रिजमध्ये सुटायला दर चार-पाच पौंडांना एक दिवस लागतो. मी शनिवारी दुपारी खालच्या कप्प्यात परातीत ठेवला, तरी मंगळवारी पोटात बर्फाचा खडा होताच. तो थंड पाण्यात बुडवून काढला. बाहेर ओट्यावर सुटायला ठेवायचा नाही, यावरून आईशी पहिला वाद. दुसरा वाद धुण्यावरून. आई हळद-मीठ घेऊन नळाखाली चोळून धुवायला निघाली होती. अमेरिकेचं कृषी खातं सांगतं, कच्ची कोंबडी-टर्की धुवू नका. धुण्याने जंतू जात नाहीत, शिंतोड्यांनी सिंकभर पसरतात, ते मारायचं काम आचेचं. आईने ऐकलं, पण त्या रात्री माझ्याकडे असं पाहिलं की मी बाटलेली असावी. शेवटी कागदाने कोरडी पुसली. मानेच्या पोकळीतून कागदी पुडीत काळीज-पेठा निघाली. ती बुधवारच्या राइस ड्रेसिंगसाठी ठेवलेली, पण काळजाचा तुकडा आईने तव्यावर मिरी टाकून तिथेच परतला. करणारणीचा वाटा.

मिठाचा हिशेब यंदा कागदावर केला. वेष्टन वाचलं: या पक्ष्यात द्रावण नव्हतं. म्हणून पौंडाला अर्धा चमचा जाडं मीठ, एकूण सात चहाचे चमचे. त्यातले दोन भरायच्या मसाल्यात, पाच बाहेरून आणि पोटात. द्रावणवाला पक्षी असता तर निम्म्यावर आणलं असतं. कोरड्या मसाल्यात मीठ अजिबात नाही, ही माझी २०१३ची भीती.

कोरडा मसाला मी आता घरी करते. तीन मोठे चमचे पॅप्रिका, एकेक मोठा चमचा लसणाची आणि कांद्याची पूड, दोन चहाचे चमचे केयेन, दोन मिरपूड, एक पांढरी मिरपूड, दोन-दोन वाळकी थाइम आणि ओरेगॅनो. तीन मिऱ्या-मिरच्या एकत्र वापरायची शिकवण पॉल प्रुडोम यांची. १९४० साली ऑपलूससजवळ तेरा भावंडांत शेंडेफळ म्हणून जन्मलेला हा आचारी. १९७९ साली त्याने न्यू ऑर्लीन्सला खानावळ काढली आणि केजन स्वयंपाक जगाला दाखवला. काळी मिरी, पांढरी मिरी आणि लाल मिरची तोंडात एकाच जागी लागत नाहीत, हे खरंच आहे, चाखून बघा. ऑपलूसस म्हणजे इथून पंचवीस मैल. टोनी शॅशरी यांचा हिरव्या डब्यातला मसालाही १९७२पासून त्याच गावचा, आणि तो नॅननच्या टेबलावर मीठदाणीच्या जागी असतो. म्हणजे ती पुडीच्या विरुद्ध नाही. तिचं म्हणणं एवढंच की ती जेवताना घ्यायची गोष्ट आहे.

या पुडीतला निम्मा भाग एका लोण्याच्या कांडीत, म्हणजे सव्वाशे ग्रॅमला थोडं कमी, कालवला आणि कातडी सैल करून तिच्याखाली पसरला. वरून चोळला तर पॅप्रिका जळून कडू होते. कातडीखाली लोण्यात ती सुखरूप राहते आणि मिरचीचा तिखटपणा स्निग्धात उतरतो. हे काही केजनांनी शोधलेलं नाही, आपली तर्री दुसरं काय आहे?

मग दीड दिवस फ्रिजमध्ये, झाकण न घालता. लेक दर तासाला दार उघडून बघायची, 'मेलेली अजून तिथेच आहे.'

गुरुवारी सकाळी नॅनन आपलं मॅग्नलाइट घेऊन आली. हे भांडं समजावून सांगायला हवं. जाड ओतीव ॲल्युमिनियमचं लंबगोल पातेलं, घट्ट झाकणाचं. इकडच्या घरांत ते दागिन्यासारखं वारशात वाटतात, त्यावरून बहिणी-बहिणी अबोला धरतात. नॅननचं तिच्या सासूचं. तळाला कांदा, सेलरी, ढोबळी मिरची यांचा जाड थर, त्यावर टर्की, वाटीभर पाणी, झाकण. भट्टी ३२५ फॅरनहाइट. दहाला आत गेली. सव्वाबाराला झाकण काढलं, म्हणजे वरून रंग येईल. एकला थर्मामीटर खुपसला: छाती १६६, मांडी १७८. कृषी खात्याची अट १६५, म्हणजे ७४ सेल्सिअस. मांडीला जास्त लागतंच, चालून चालून तिचे स्नायू घट्ट झालेले, तिथली चिवट ऊती विरघळायला उष्णता हवी. छाती त्याच आचेत कोरडी पडते, सगळं शास्त्र या दोन आकड्यांच्या भांडणाचं आहे. आई थर्मामीटरकडे बघून म्हणाली, "ह्येका ताप इलोहा काय?"

झाकणात शिजवल्यामुळे कातडी कुरकुरीत होत नाही. मासिकातल्या चित्रासारखा अख्खा सोनेरी पक्षी टेबलावर आणून सगळ्यांनी 'आ' करायचा प्रकार नॅननला मान्य नाही. तिने अर्धा तास निवू दिला, ओट्यावरच मांस सोडवलं, आणि तुकडे ग्रेव्हीत परत घातले. मला हेच पटतं. आपण कधी अख्खी कोंबडी पाहुण्यांसमोर आणून सुरी परजतो का?

ग्रेव्हीचा रू मी बुधवारी रात्री केला होता. तेल आणि मैदा समान, मंद आच, चाळीस मिनिटं हात थांबवायचा नाही. शेंगदाण्याच्या सालीसारखा झाला, मग तांब्याच्या पैशासारखा, मग चॉकलेटसारखा. त्यापुढे एक मिनिट म्हणजे कचरापेटी. वाटणासाठी सुकं खोबरं भाजताना आई जशी बोलणं बंद करते, तशी मीही गप्प होते, आणि हे पाहून तिने माझ्या नवऱ्याला खोलीबाहेर काढलं.

पहिला घास आईने मांडीचा घेतला. तोडलेल्या तुकड्यात मध्ये लाल ठिपका होता, भरलेल्या मसाल्याचा, भोवती तो झिरपून गुलाबी वर्तुळ. तिने तो ठिपका जिभेवर ठेवला, थोडं थांबली, ग्रेव्ही भातात कालवली आणि बोटं चाटली. "मीठ बरोबर हा," म्हणाली. माझ्या आईकडून याहून मोठं बक्षीस मला बारावीच्या निकालालाही मिळालेलं नाही. नॅननने छातीचा तुकडा खाल्ला, मान हलवली, म्हणाली, "मे, सीझन्ड." 'मे' म्हणजे फ्रेंच 'पण'. मग हिरव्या डब्यातली पूड वर भुरभुरली. मी काही बोलले नाही.

शुक्रवारी हाडांचा गंबो. इकडे तो नियमच आहे, टर्कीचा सांगाडा टाकणारा माणूस केजन असूच शकत नाही. सांगाडा, उरलेलं त्रिकूट आणि पाणी तीन तास रटरटत ठेवलं, गाळलं, उरलेला रू त्यात सोडला, धुरावलेलं अँदूय सॉसेज, उरलेलं मांस. मी भेंडी घातली. गंबो हा शब्दच आफ्रिकेतल्या भेंडीच्या नावावरून आलेला. नॅननच्या मुलाला भेंडी चालत नाही, तो वाढून घेताना सॅसफ्रासच्या पानांची पूड वरून घालतो. या वादात पडू नका, घरं फुटतात.

सगळे भाताचे वाडगे घेऊन मागच्या अंगणात बसलो. नॅनन खाता खाता थांबली. तिने तोंडातून काहीतरी काळपट, चोळामोळा झालेलं काढलं, उजेडात धरलं, आणि तमालपत्र बाजूला ठेवावं तसं वाडग्याच्या काठावर अलगद ठेवलं. मग आणखी एक निघालं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं.

आई शांतपणे भात कालवत होती. "दोनच सोलां घातलंय," म्हणाली. "आंबट व्हया होता. तिका सांग, चावू नको, चोख म्हणान."